विद्येचा जमाखर्च आणि त्यांतील कोरें पान

(१)

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा नांवाचें एक ठिकाण आहे. जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यास येथें सेलूची वाट मिळते. त्यावरून हें नांव पडलें. प्राचीन अवशेषांच्या अभ्यासकांस या बाजूची ओळख असते ती चारठाण्याच्या यादवकालीन देवालयांमुळें. आम्हीही तीं देवालयें पाहण्यासाठींच तिकडे गेलों होतों. परत येतांना फाट्यावर चहासाठीं थांबलों असतां, जवळच्या एका शेतकऱ्याच्या घरीं जुन्या कागदांचें गांठोडें आहे असें कोणीं सांगितलें. जुने कागद म्हटले कीं आमच्या वर्गाच्या लोकांचे पाय आपोआप तिकडे वळतात. एखादी इनामसनद, एखादा महजर, निदान मोडींतलें एखादें कर्जखत तरी हातीं लागेल, या आशेनें आम्हीं तें गांठोडें सोडविलें.

त्यांत मोडीचा एकही कागद नव्हता. होते ते सारे गेल्या तीस-चाळीस वर्षांतले. शाळा सोडल्याचा दाखला, तहसील कचेरीच्या शिक्क्याचे वर्षावर्षाचे उत्पन्नाचे दाखले, फीमाफीच्या अर्जांच्या नकला, परभणीच्या खोलीभाड्याच्या व खानावळीच्या पावत्या, विद्यापीठाचें पदवीपत्र, सेवायोजन कार्यालयाचें नोंदणीपत्र व त्यावरील नूतनीकरणाचे शिक्के, निरनिराळ्या नोकरभरतीच्या परीक्षांचीं प्रवेशपत्रें, आणि सर्वांच्या तळाशीं त्याच घराच्या जमिनीचा सातबारा, ज्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढला होता. घरधनी म्हणाले, "आता ह्याचा काय उपेग, साहेब? रद्दीत द्यायलो होतो."

प्रथम आमचीही निराशा झाली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कागद कालक्रमानें लावून पाहतां पाहतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली व तीच या लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रांत विद्येस राजाश्रय देण्याची चाल निदान आठशें वर्षांची आहे. त्या आश्रयाचे लेख दगडावर, ताम्रपटांवर व दप्तरांतून आपणांस मिळतात. कोणत्याही धर्मादायाच्या हिशेबाला मात्र तीन पानें असावीं लागतात: पैसा कोठून आला हें पहिलें, कोणास दिला हें दुसरें, आणि घेणाऱ्याचें पुढें काय झालें हें तिसरें. आमच्या राजाश्रयाच्या हिशेबांत पहिलीं दोन पानें बहुधा भरलेलीं सांपडतात. तिसरें बहुतेक सर्वत्र कोरें आहे. हें गांठोडें म्हणजे त्या तिसऱ्या पानाचा एक तुकडा होता.

(२)

पहिल्या पानाचा आपल्याकडील उत्तम नमुना चाळीसगांवजवळील पाटणच्या शिलालेखांत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणल्यापासून तो संशोधकांस परिचित आहे. लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटणास मठ स्थापिला व निकुंभ कुळांतील सोइदेवानें त्यास उत्पन्न लावून दिलें. लेखाचा मोठा भाग संस्कृतांत असून उत्पन्नाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग मराठींत आहे. पाटणच्या बाजारांत जो माल विक्रीस येई त्यावर ग्राहकाकडून राजास मिळणारा हक्क मठास दिला आहे, आणि तेलाच्या घाण्यांमागें पळीभर तेल नेमून दिलें आहे.

भाषाशास्त्रज्ञांनीं या ओळींचा पुष्कळ विचार केला आहे. हिशेबाच्या दृष्टीनेंही त्या तितक्याच मोलाच्या आहेत. राजा, त्याचें कुळ व भास्कराचार्यांची विद्वत्ता यांचें वर्णन संस्कृतांत आहे. पण ज्या व्यापाऱ्यांकडून व तेल्यांकडून हा खर्च निघावयाचा त्यांस कळेल अशा भाषेंत त्यांचा वांटा लिहिला आहे. सिद्धान्तशिरोमणि शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यांतलें तेल कोणाच्या घाण्यांतून आलें, हें त्या दगडावरून आजही सांगतां येतें. मठांत शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांस पुढें कोणती वृत्ति मिळाली, याविषयीं लेख कांहीं बोलत नाहीं.

(३)

दुसरें पान पाहावयाचें तर पेशवाईंतील श्रावणमासाच्या दक्षिणेकडे वळावें. ही चाल मूळची तळेगांवच्या दाभाड्यांची. सेनापति खंडेराव दाभाडे ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर ही दक्षिणा पेशव्यांकडून पुण्यास दिली जाऊं लागली. पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा बांधून तेथें दूरदूरच्या ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. नामांकित शास्त्री व वैदिक यांची परीक्षा घेऊन त्यांस योग्यतेप्रमाणें निराळी रक्कम मिळे. पेशवे दप्तरांत या वांटणीचे हिशेब आहेत. घेणारा कोण, कोठला, काय शिकलेला, हें लिहून ठेवण्याची ती रीत होती. घेणाऱ्याची जात मात्र आधींच ठरलेली होती. रयतेच्या वसुलांतून निघालेला हा पैसा ब्राह्मणाखेरीज दुसऱ्या विद्यार्थ्यास मिळणें शक्य नव्हतें, ही गोष्ट त्या हिशेबाचें मोजमाप करतांना दृष्टीआड करतां येत नाहीं.

१८१८ नंतर एल्फिन्स्टननें ही दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिची मर्यादा वर्षास ५०,००० रुपये ठरविली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा सुमारे १५,००० रुपयांचा वार्षिक खर्च याच निधींतून निघूं लागला. पुढें सरकारनें ठरविलें कीं ज्यांस दक्षिणा मिळते त्यांस ती हयातीपर्यंत चालावी, नवीन नांवें घालूं नयेत. त्यामुळें घेणारे जसजसे मरत गेले तसतशी रक्कम शिल्लक पडूं लागली, आणि या शिलकेवरून पुण्यांत मोठा वाद माजला. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व त्यांचे सहकारी यांनीं सरकारास अर्ज केला कीं दक्षिणेंतील कांहीं रक्कम मराठींत चांगले ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावी. जुन्या मंडळींचा त्यावर एवढा क्षोभ झाला कीं अर्जदारांच्या रक्षणासाठीं जोतीराव फुले आपलीं माणसें घेऊन गेले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षीं पाठशाळा व इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज निघालें, जें पुढें डेक्कन कॉलेज झालें. याच निधींतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमूं लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे असे फेलो होते.

एकाच निधीचा हा प्रवास शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. भिक्षुकाची दक्षिणा, विद्यार्थ्याचें वेतन, ग्रंथकाराचें बक्षीस आणि पदवीधराची फेलोशिप, अशीं चार रूपें त्यानें घेतलीं. रूप बदलण्याच्या प्रत्येक वेळीं कोणास द्यावें यावर वाद झाला व त्याचे कागद विपुल आहेत. शास्त्र्याची दक्षिणा बंद झाल्यावर त्याच्या मुलानें काय केलें, हा प्रश्न मात्र कोणत्याही अर्जांत मुख्य नव्हता. त्याचें उत्तर घराण्यांच्या खासगी पत्रांत पांगलेलें आहे.

(४)

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चार बी. ए. झाले. पदवीधर चार असतां त्यांस काम कोठून मिळेल असा प्रश्न पडला नाहीं. वीस वर्षांत स्थिति पालटली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जीं निवेदनें आलीं त्यांत फुले यांचें निवेदन या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखें आहे. त्यांचा पहिला मुद्दा जमेच्या पानाचा आहे: सरकारचा महसूल बहुतांशीं कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो व शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. यावरून कोणी असें समजेल कीं उच्च शिक्षणांतून सरकारनें अंग काढून घ्यावें असें त्यांचें मत होतें. तसें नाहीं. सरकारनें शाळा-कॉलेजांतून माघार घेतल्यास विद्याप्रसार खुंटेल, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. आणि शिकलेले लोक फार झाले ही ओरड त्यांस मान्य नव्हती. त्यांच्या मतें देशाच्या मानानें शिकलेले थोडेच होते. दोष असा होता कीं शिक्षण कारकुनीपुरतें दिलें जात होतें व सारे जण सरकारी चाकरीच्या दारांत उभे होते. विद्वानांची संख्या शंभरपट व्हावी व त्यांनीं उपयुक्त धंद्यांस लागावें, अशी त्यांची इच्छा होती.

शिक्षणास मदत कमी करावी म्हणजे पदवीधरांची बेकारी कमी होईल, हा युक्तिवाद तेव्हांपासून अनेकदां निरनिराळ्या वेषांत पुढें आला आहे. त्याचें उत्तर १८८२ सालींच दिलें गेलें, ही आठवण असावी.

देशी संस्थानांत तिसरें पान भरण्याचे दोन प्रयत्न झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें संस्थानच्या नोकरींत शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. त्याच्या आदल्या वर्षीं कोल्हापुरांत वसतिगृहांची सुरुवात झाली होती. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे महाराजांची दृष्टि कळते. खेड्यांतल्या मुलाची फी माफ केली तरी तो शहरांत राहणार कोठें व जेवणार काय, आणि शिकून आल्यावर त्यास कोण विचारणार, हे दोन्ही प्रश्न त्यांनीं एकाच हातानें सोडविण्याचा यत्न केला. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास वसतिगृहाचाच धागा पुढें नेला व मुलांच्या श्रमास शिक्षणाच्या जमाखर्चांत जागा दिली.

दुसरा प्रयत्न बडोद्याचा. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. शिक्षण पुरें झाल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. हिशेबाच्या दृष्टीनें याहून पूर्ण कागद क्वचित् मिळेल: देणारा, घेणारा, रक्कम, मुदत व पुढील काम, सर्व त्यांत आहे. १९१७ सालीं आंबेडकर बडोद्यास रुजू झाले. शहरांत त्यांस राहावयास घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत आश्रय घेतला तर तेथूनही दमदाटी करून त्यांस बाहेर काढलें. कचेरींत शिपाई कागद दुरून टाकीत. थोड्याच दिवसांत त्यांस बडोदें सोडावें लागलें. विद्येस द्रव्य दिलें, नोकरी लेखी दिली, आणि तरीही ती टिकली नाहीं. कारण समाजानें दिलेल्या वागणुकीस कोणत्याही करारांत कलम नव्हतें. तिसरें पान सरकारी शाईनें नेहमींच भरत नाहीं, याचें याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

(५)

आतां आपण पुन्हां देवगांव फाट्याच्या मुलखांत येऊं. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९०० सालीं मनमाडपासून हैदराबादेपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली व सेलू, परभणी हीं गांवें तिच्यावर आलीं; माल व माणसें बाहेर जाण्याची सोय झाली. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. इंग्रजीऐवजीं देशी भाषेंत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी उपक्रम होता. पण ती भाषा उर्दू होती. मराठी घरांतल्या मुलास पदवीपर्यंत जावयाचें तर प्रथम दुसऱ्या भाषेंत पारंगत व्हावें लागे. १९२३ सालीं औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज निघालें. पुढील शिक्षणास हैदराबाद गांठावें लागे, नाहीं तर राज्याबाहेर पुणें वा नागपूर. औरंगाबादचें सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचें नूतन विद्यालय, या खासगी शाळांनीं मराठी मुलांचा भार उचलला. लोकवर्गणी व शिक्षकांचा अल्प वेतनांत संतोष, यांवर त्या चालल्या. सरकारी अनुदानाचा इतिहास लिहितांना शिक्षकांनीं सोडलेल्या पगाराची ही रक्कमही जमेच्या बाजूस लिहिली पाहिजे.

नोकरीचा प्रश्न त्या राज्यांत मुलकी व गैरमुलकी या नांवानें चालत असे. बाहेरून आलेल्या शिकलेल्या लोकांनीं जागा भरून जातात, ही स्थानिकांची तक्रार जुनी होती. १९१९ च्या फर्मानानें राज्याच्या नोकरीस मुलकी असणें आवश्यक ठरलें व त्यासाठीं पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आली. पोलीस कारवाईनंतर १९५२ सालीं हाच प्रश्न पुन्हां पेटला. विद्यार्थी रस्त्यावर आले ते फीच्या प्रश्नावर नव्हे, शिक्षण संपल्यावर मिळावयाच्या जागांच्या प्रश्नावर, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले. त्यापूर्वींच्या, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देण्याचें वचन होतें. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें संविधानाच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीं विकास मंडळांची तरतूद आली. विकासखर्चाची न्याय्य वांटणी, तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी, आणि राज्याच्या नोकरींत पुरेशी संधि, हीं तीनही कलमें तेथें ओळीनें आलीं आहेत. आमच्या तीन पानांचा एवढा सुसंगत उल्लेख आम्हांस अन्य कोणत्याही राजलेखांत आढळला नाहीं.

त्याची अंमलबजावणी कशी झाली? १९७४ सालीं मराठवाडा विकासाचें आंदोलन उभें राहिलें. त्यांत विद्यार्थी पुढें होते व नोकऱ्यांची मागणी अग्रभागीं होती. १९८३ सालीं नेमलेल्या दांडेकर समितीनें पुढील वर्षीं राज्याचा प्रादेशिक अनुशेष मोजून तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. रस्ते, पाटबंधारे, वीज, शाळा, तांत्रिक शिक्षण, दवाखाने यांची मोजणी तींत झाली. पदवीधरास मिळालेल्या वा न मिळालेल्या कामाचा खाना तींत नव्हता. विकास मंडळें १९९४ सालीं स्थापन झालीं व एप्रिल २०२० अखेर त्यांची मुदत संपली. पहिल्या दोन कलमांचे आंकडे अहवालांतून मिळतात. तिसऱ्याचा सलग हिशेब कोठेंही एकत्र बांधलेला दिसत नाहीं.

(६)

दरम्यान विद्येस मदत करण्याच्या रीति वाढत गेल्या. अस्पृश्य गणलेल्या जातींतील विद्यार्थ्यांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ सालीं सुरू झाली होती. १९५९ पासून आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांस फीमाफी मिळूं लागली; बाराशे रुपये वार्षिक उत्पन्नाची तिची मर्यादा खेड्यापाड्यांत तोंडपाठ झाली. औरंगाबादेस आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं कॉलेज काढलें होतें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं तेथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, १८ मे १९७२ रोजीं परभणीस कृषि विद्यापीठ आलें, आणि १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें, ज्याच्या क्षेत्रांत परभणी जिल्हा आहे. हैदराबादेस जाण्याची गरज उरली नाहीं. ज्या घरांत अक्षरओळख नव्हती त्यांतून पदवीधर निघाले. या लाभाचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल.

याच काळांत महाराष्ट्रानें एक असा हिशेब मांडला कीं ज्याचीं तीनही पानें भरलेलीं होतीं. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ च्या कायद्यानें, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला, खेड्यांतील अंगमेहनत करूं इच्छिणाऱ्या प्रौढास मागेल तेव्हां काम देण्याची जबाबदारी सरकारनें घेतली. तिच्यासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला. म्हणजे नोकरदारांच्या पगारांतून मजुराच्या कामाचा पैसा निघूं लागला. पैसा कोणाचा, मजुरी कोणास व काम कोणतें, हें हजेरीपटावर लिहिलेलें असे. मजुरास दिलेली ही हमी पदवीधरास कधीं दिली गेली नाहीं. ती तशीच देतां आली असती असेंही आमचें म्हणणें नाहीं. खडी फोडण्याचें काम मोजतां येतें तसें विद्वत्तेचें येत नाहीं. तुलना एवढ्यासाठींच केली कीं तिसरें पान लिहिणें सरकारास अशक्य नाहीं, हें तिच्यावरून दिसतें.

१९८३ सालीं सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी वगैरे कॉलेजांस परवानगी देण्यास आरंभ केला. जागा वाढल्या, त्यांचा भार मात्र पालकांच्या खिशावर गेला. पुढें शिक्षक होण्याची पदविका देणारीं विद्यालयें गांवोगांव निघालीं. आणि अतिरिक्त शिक्षकांचें समायोजन होईपर्यंत नवी भरती थांबविण्याचा निर्णय २०१२ सालीं आला, तेव्हां पदविका हातीं असलेले तरुण दारांतच उभे राहिले. शिक्षणास परवानगी देणारें व शिक्षकास नेमणारें सरकार एकच असूनही दोन वह्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या गेल्या नाहींत. २०२४ सालीं वार्षिक आठ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ झाली, हें दुसऱ्या पानावरील मोठें पाऊल आहे. त्याच वर्षीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली. तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये सहा महिने मिळावयाचे होते. सातव्या महिन्यांत तो तरुण कोठें असेल, हें पुढील संशोधकास कळावयास हवें असेल तर त्याची नोंद आजच झाली पाहिजे.

(७)

आतां त्या गांठोड्याकडे शेवटचें वळूं. घरधन्यांच्या इच्छेवरून त्यांचें नांव, गांव व रकमा आम्ही देत नाहीं. कागदांवरून जें दिसलें तें असें. फीमाफी वेळेवर मिळाली. कॉलेजच्या फीचा भार घरावर जवळजवळ पडलाच नाहीं. सरकारी वहींत हा विद्यार्थी लाभार्थी म्हणून योग्य रीतीनें लागला असेल. परंतु खोलीभाडें, खानावळ, पुस्तकें, पदवीनंतर भरतीच्या परीक्षांच्या तयारीसाठीं शहरांत काढलेलीं वर्षें, दर अर्जाचें शुल्क व दर परीक्षेचें गाडीभाडें, यांच्या पावत्या वर्षानुवर्षें जाड होत गेल्या आहेत. त्या जशा जाड झाल्या तसा सातबाऱ्यावर बोजा चढला. कर्ज याच खर्चासाठीं काढलें, असें घरधन्यांनीं स्वतः सांगितलें. मुलगा आज तासांच्या हिशेबानें शिकवितो व उरल्या वेळांत शेत पाहतो. सरकारनें विद्येस जें दिलें तें विद्यापीठाच्या दप्तरांत सांपडेल. त्या घरानें जें दिलें तें तलाठ्याच्या दप्तरांत सांपडेल. दोन्ही शेजारीं ठेवल्याखेरीज विद्येची खरी किंमत कळत नाहीं, आणि ते शेजारीं ठेवलेले आम्हीं फक्त त्या एका गांठोड्यांत पाहिले.

एका गांठोड्यावरून सिद्धान्त बांधणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. सरकारी मदत निष्फळ झाली असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. ती पुरेशी होती असेंही म्हणतां येत नाहीं. ज्या पानावरून हा निर्णय करावयाचा तें पानच अजून लिहिलें गेलें नाहीं, इतकेंच म्हणतां येतें. शाहू महाराजांनीं वसतिगृह व नोकरी यांची जी सांगड घातली ती किती घरांपर्यंत पोंचली, उस्मानियाचा मराठी पदवीधर कोणत्या कचेरींत गेला, बाराशेंच्या सवलतीवर शिकलेल्या पहिल्या पिढीनें जमीन राखली कीं विकली, या प्रश्नांचीं उत्तरें पुराभिलेखागारांत नाहींत. तीं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत व पिशव्यांत आहेत.

म्हणून कागद जमविणाऱ्या आमच्या बंधूंस विनंति आहे. आपण सनदा, महजर व बखरी जमवितों तें उत्तमच आहे. त्याच फेरींत, त्याच घरीं, अशीं गांठोडीं दिसल्यास तींही पाहावीं. कागद ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नये, कारण घरानें काय जपून ठेविलें व कशाशेजारीं ठेविलें हेंही प्रमाण आहे. पावत्या किरकोळ म्हणून गाळूं नयेत. त्यांवरची शाई लवकर उडते, म्हणून त्यांची नक्कल आधीं घ्यावी. उत्पन्नाचा दाखला, फीमाफीचा अर्ज, सेवायोजन कार्यालयाचें नोंदणीपत्र आणि सातबारा हे चार कागद एकाच घरचे मिळाल्यास ते वेगळे करूं नयेत. घरांतील वडील माणसाची हकीकत त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, टिपून ठेवावी. नांवें प्रसिद्ध करूं नयेत. मूळ कागद घरच्यांकडेच राहूं द्यावे.

पाटणच्या मठास तेल देणाऱ्याचा उल्लेख आठशें वर्षें टिकला, कारण तो दगडावर होता. फाट्यावरच्या त्या घराचा हिशेब कागदावर आहे, आणि रद्दीवाला दर महिन्यास येतो. गांठोड्यांतील कागदांची यादी करून आम्हीं तें होतें तसेंच बांधून दिलें, रद्दींत न घालण्याचें वचन घेतलें, आणि सेलूच्या गाडीची वाट पाहत फाट्यावर येऊन उभे राहिलों. तेथें कॉलेजचीं मुलेंमुलीं त्याच गाडीसाठीं थांबलीं होतीं.